सार्वजनिक उपद्रवाचा कायदा आणि आपली वस्ती

गटार तुंबले म्हणून आपण नगरपालिकेत जातो, तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "निधी नाही." गावात ग्रामपंचायतीकडे गेलो तरी तेच उत्तर. हे उत्तर ऐकून आपण परत येतो, कारण ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून काम कसे करून घेणार, असे आपल्याला वाटते. वास्तविक या उत्तराला कायद्याने काडीची किंमत दिलेली नाही, आणि ही गोष्ट आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवली आहे. ती आपल्या समाजबांधवांना व विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना माहीत असावी, या हेतूने संपादक मंडळाच्या सूचनेवरून सदर लेख लिहिला आहे. मी वकील नाही. बँकेत लिपिक आहे व शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर आहे. पण कायदा हा केवळ वकिलांनी वाचावयाचा विषय आहे असे मानले तर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' म्हणून जे सांगितले त्याचा अर्थ फारच लहान होईल.

प्रथम एक खुलासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. जुने निकाल वाचताना जुने क्रमांक लागतात आणि आज अर्ज लिहिताना नवे. म्हणून या लेखात आवश्यक तेथे दोन्ही दिले आहेत. विद्यार्थ्यांनी ते वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

आता उपद्रव म्हणजे काय ते पाहू. 'न्यूसन्स' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात कोणत्याही कटकटीला वापरतो. कायद्यात तसे नाही. जुन्या दंड संहितेचे कलम २६८, म्हणजेच न्याय संहितेचे कलम २७०, असे सांगते की, जी कृती किंवा जी बेकायदेशीर अकृती सर्वसाधारण लोकांना, अथवा आसपास राहणाऱ्या किंवा मालमत्ता धारण करणाऱ्या लोकांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास पोहोचविते, किंवा सार्वजनिक हक्क वापरण्याची ज्यांना गरज पडेल त्यांना जिच्यामुळे अडथळा, धोका किंवा त्रास झाल्यावाचून राहणार नाही, ती कृती वा अकृती म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय. वाक्य लांबलचक आहे, पण यातील दोन शब्द नीट पाहावेत. एक शब्द 'अकृती'. म्हणजे केवळ घाण करणारा दोषी नव्हे, तर घाण काढण्याचे ज्याचे कर्तव्य कायद्याने ठरविले आहे आणि जो ते करीत नाही तोही दोषी. दुसरा शब्द 'सामाईक'. शेजाऱ्याच्या पन्हाळीचे पाणी फक्त माझ्या भिंतीवर पडते, तो माझा खाजगी उपद्रव; त्यासाठी मी दिवाणी न्यायालयात जावे. तेच पाणी साऱ्या गल्लीत साचून डास होतात, तेव्हा प्रकरण सार्वजनिक झाले. 'लोक' म्हणजे सारे शहर असेही समजण्याचे कारण नाही. लोकांचा कोणताही वर्ग किंवा समाज 'लोक' या शब्दात येतो असे संहितेतच म्हटलेले आहे. चाळीस घरांची वस्ती ही कायद्याच्या दृष्टीने 'लोक' होय, मग ती गावकुसाबाहेर का असेना.

याच कलमात पुढे असेही सांगितले आहे की, एखाद्या उपद्रवापासून कोणाची काही सोय वा फायदा होत असला तरी त्यामुळे तो क्षम्य ठरत नाही. कारखान्याने शंभर जणांना रोजगार दिला म्हणून त्याने ओढ्यात रसायन सोडावे असा त्याचा अर्थ होत नाही. 'वीस वर्षांपासून असेच चालू आहे' हा बचावही टिकत नाही. जुनेपणामुळे सार्वजनिक उपद्रव करण्याचा हक्क कोणालाही प्राप्त होत नाही.

शिक्षेबाबत फार बोलण्यासारखे नाही. जुन्या कलम २९० खाली सार्वजनिक उपद्रवाला जास्तीत जास्त दंड होता २०० रुपये, आणि १८६२ साली दंड संहिता अंमलात आल्यापासून २०२४ पर्यंत १६२ वर्षे तो तितकाच राहिला. १८६२ मधले २०० रुपये म्हणजे केवढी रक्कम आणि २०२३ मधले २०० रुपये म्हणजे काय, याचा हिशेब बँकेतल्या माणसाने सांगायला नको. आता कलम २९२ मध्ये तो १,००० रुपयांपर्यंत झाला आहे. सार्वजनिक झऱ्याचे वा तलावाचे पाणी घाण करणे (जुने कलम २७७, नवे २७९) याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रस्त्यात अडथळा वा धोका निर्माण करणे (जुने २८३, नवे २८५) यालाही ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम २९२ चा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलीस ठाण्यात नोंद होते, कागद हाती पडतो आणि प्रकरण बहुधा तिथेच थांबते. म्हणून माझ्या मते सामान्य माणसाने दंडाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. आपल्याला कोणाला दंड व्हायला नको आहे; गटार साफ व्हायला हवे आहे. त्यासाठी कायद्यात दुसरा दरवाजा आहे.

तो दरवाजा म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी (ज्यांना आपण प्रांतसाहेब म्हणतो) किंवा शासनाने खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांना सशर्त आदेश काढता येतो. सशर्त म्हणजे असा की, 'अमुक मुदतीत हा उपद्रव दूर करा, नाहीतर अमुक तारखेला हजर राहून का करणार नाही त्याची कारणे दाखवा.' सार्वजनिक रस्ता, नदी, पाट किंवा जागा यांवरील अडथळा व घाण, आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधक असा धंदा वा मालाचा साठा, आग किंवा स्फोट होऊ शकेल असे बांधकाम, पडायला आलेली इमारत वा झाड, रस्त्यालगतची कठडा नसलेली विहीर अथवा खड्डा, धोकादायक जनावर, या सर्वांना हे कलम लागू होते. असा आदेश रीतसर काढलेला असेल तर त्याला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही, हे या कलमाचे मोठे बळ आहे.

या कलमाचे खरे सामर्थ्य ज्या खटल्यात दिसले तो रतलामचा खटला थोडा विस्ताराने सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याला तो तोंडपाठ असावा.

रतलाम हे मध्य प्रदेशातील शहर. तेथील एका वॉर्डात रहिवाशांची अवस्था अशी होती की, रस्त्याच्या कडेने उघडी गटारे, त्यांतून वाहणारी घाण, मद्यार्काच्या कारखान्यातून रस्त्यावर येणारे दुर्गंधीचे पाणी, आणि जवळच्या झोपडपट्टीत संडास नसल्यामुळे तेथील माणसे त्याच रस्त्याच्या कडेला शौचास बसत. डासांचा सुळसुळाट तर विचारूच नये. रहिवाशांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजविले. काही झाले नाही. अखेर ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे कलम १३३ खाली गेले. दंडाधिकाऱ्यांनी पुरावा घेतला आणि नगरपालिकेला आदेश दिला की, सहा महिन्यांच्या आत या उपद्रवाच्या निवारणाची योजना तयार करा. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. उच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. तेव्हा नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तिथे तिचे मुख्य म्हणणे काय होते? आमच्याजवळ पैसा नाही!

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्यासमोर हे अपील चालले. २९ जुलै १९८० रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, नगरपालिका ज्या कामासाठी स्थापन झालेली आहे ते काम टाळण्यासाठी तिला तिजोरी रिकामी असल्याचे कारण सांगता येणार नाही. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ च्या कलम १२३ ने स्वच्छता हे तिचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य म्हटल्यावर त्यात निवडीला जागा नाही. दुसरी गोष्ट दंडाधिकाऱ्यांबाबत. कलमात 'आदेश देऊ शकेल' असे शब्द आहेत. याचा अर्थ मनात आले तर द्यावा असा नव्हे, तर उपद्रव आहे हे पुराव्याने दिसले की आदेश देणे हे त्यांचे कर्तव्यच होय, असा अर्थ न्यायालयाने लावला. ही ओळ प्रांत कार्यालयात अर्ज घेऊन जाणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मला त्या निकालात वेगळीच दिसते. रस्त्याच्या कडेला शौचास बसणाऱ्या गरिबांना हुसकून लावा, असे म्हणणे न्यायालयाला सोपे होते. वॉर्डातील बऱ्या घरांतील पुष्कळ लोकांना तेच हवे असणार. न्यायालयाने तसे केले नाही. निसर्गाच्या हाकेपुढे माणसाचा इलाज नसतो; ज्यांना संडासच दिलेला नाही त्यांना दोष कसा द्यावयाचा, अशी त्यांची भूमिका राहिली. म्हणून आदेश असा झाला की, सहा महिन्यांत पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी वेगवेगळे, पुरेशा संख्येने सार्वजनिक संडास बांधा, तेथे पाण्याची सोय करा, सकाळ-संध्याकाळ सफाई ठेवा, आणि मुदत संपल्यावर नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांना अहवाल द्यावा. कारखान्याचे पाणी रस्त्यावर येणे बंद करण्याचाही आदेश झाला. आदेश न पाळल्यास संबंधित अधिकारी व्यक्तिशः शिक्षेस पात्र होतील, याची जाणीवही न्यायालयाने करून दिली. बसणारा माणूस हा उपद्रव नव्हे, तर संडास न बांधणे हा उपद्रव आहे, असे या निकालाचे सार मी माझ्या शब्दांत सांगतो.

येथे महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर १९६५ चा नगरपरिषदा अधिनियम, कलम ४९, यातही साफसफाई, गटारे, सार्वजनिक शौचकूप ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये म्हणून दिलेली आहेत. ग्रामपंचायतींसाठी १९५८ च्या अधिनियमाचे कलम ४५ पाहावे. म्हणजे रतलामचा न्याय आपल्याकडेही तसाच लावता येतो.

रतलामबाबत एक गोष्ट मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. सफाई ठेवा असा आदेश होतो, पण ती सफाई कोणाच्या हातून होते? गटारात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच समाजातला किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या दलित समाजातला असतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याचे काम आणि सुरक्षा साधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविणे, दोन्ही गोष्टींना बंदी केली आहे. अशा मृत्यूच्या प्रसंगी द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाख रुपये केली. तेव्हा गटार साफ करण्याच्या अर्जात 'यंत्राने' हा शब्द न विसरता घालावा.

इतर निकाल थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका बेकरीवाल्याच्या भट्टीचा व धुराड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने भट्टी व धुराडे काढण्याचा आदेश योग्य ठरविला, पण त्या माणसाचा धंदाच बंद करण्यापर्यंत जाण्याची गरज नाही असे म्हटले. हे तारतम्य चांगले आहे. उपद्रव जावा, पोट जाऊ नये. २००४ मध्ये आपल्याच राज्यातील लाल मिरचीच्या गोदामाचे प्रकरण आले. त्यात न्यायालयाने सांगितले की, त्रास आज, प्रत्यक्ष होत असला पाहिजे, आणि तो एकट्यादुकट्याला नव्हे तर समाजाला होत असला पाहिजे. खोकला येईल, आजार होईल अशी नुसती भीती पुरणार नाही. प्रदूषण मंडळे आली, १९७४ चा जल कायदा व १९८१ चा वायु कायदा आला, म्हणून कलम १३३ संपले काय, असाही प्रश्न निघाला होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : संपलेले नाही. दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

आता ज्या भागासाठी मी हा विषय मुळात निवडला तिकडे वळतो. उपद्रवाचा कायदा वाचताना आपल्या लोकांनी एक प्रश्न सतत मनात ठेवावा : कोणाला उपद्रव म्हटले जात आहे?

१९०० साली मुंबई उच्च न्यायालयासमोर भागी नावाच्या स्त्रीचा खटला आला. ती अस्पृश्य गणलेल्या जातीतील. तिने सार्वजनिक हौदातून पाणी घेतले. त्यामुळे ते पाणी वरच्या जातींच्या उपयोगाचे राहिले नाही म्हणून तिच्यावर आरोप आला, आणि तो कोणत्या कलमाखाली? वर सांगितलेल्या कलम २७७ खाली, सार्वजनिक पाणी घाण केल्याचा! उच्च न्यायालयाने सांगितले की, या कलमातील घाण करणे म्हणजे पाणी प्रत्यक्ष, भौतिकदृष्ट्या दूषित करणे. जातीच्या समजुतीने मानलेला विटाळ हा कायद्याच्या दृष्टीने घाण नव्हे. म्हणून गुन्हा होत नाही.

निकाल चांगलाच आहे. पण तो कुठवर जातो ते विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. भागीने गुन्हा केला नाही असे न्यायालय म्हणाले. हौदावर तिचा हक्क आहे असे म्हणाले नाही. 'गुन्हा नाही' आणि 'हक्क आहे' या दोन वाक्यांमध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर चालून जाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा तो अमलात आला. त्यानंतर तळ्याची 'शुद्धी' कशी केली गेली हे आपल्या सर्वांना माहीत आहे. म्हणजे १९०० साली उच्च न्यायालयाने जो विटाळ कायद्याबाहेर काढला होता, तो लोकांच्या मनातून २७ वर्षांनंतरही गेलेला नव्हता.

पुढे १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्यांपैकी काहींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, तळे खाजगी आहे व वहिवाट आमच्या बाजूची आहे असे म्हटले, आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. मनाई हुकूम हे उपद्रव थांबविण्याचे हत्यार. येथे ते पाणी पिण्याचे थांबविण्यासाठी उचलले गेले. बाबासाहेबांनी त्या हुकमाचा मान राखून डिसेंबरचा सत्याग्रह स्थगित केला आणि लढाई न्यायालयात चालविली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नव्हती. दहा वर्षे लागली. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा वापर जातीवरून नाकारता येणार नाही असे लिहिले गेले, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आणि पहा, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींचे लोक जे पाणी वापरतात ते घाण करणे हाच अत्याचार ठरविला आहे, तसेच सार्वजनिक वहिवाटीचा रस्ता त्यांना नाकारणे हाही. १९०० साली भागी आरोपीच्या पिंजऱ्यात होती. आज तिचे पाणी घाण करणारा तिथे उभा राहील.

पण प्रश्न संपलेला नाही. शहरांमध्ये झोपडपट्टी आणि पदपथावरील संसार यांनाच उपद्रव म्हणण्याची रीत आहे. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या प्रकरणात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे तत्त्व त्यात आले, आणि म्हणून ते आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्याच निकालात पदपथावर राहण्याचा कोणाला हक्क नाही असेही म्हटले आहे. सर्वसाधारणपणे नोटीस देऊन, म्हणणे ऐकून मगच काढावे, आणि त्या पावसाळ्यात काढू नये, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबावे, एवढा दिलासा मिळाला. पुढे २००० साली दिल्लीच्या कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे हे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, असे उद्गार काढले. रतलाममध्ये संडास द्या म्हणणारे न्यायालय आणि हे न्यायालय एकच आहे यावर विश्वास बसत नाही. कायदा तोच असतो, तो वाचणारा बदलतो. म्हणूनच आपल्यातून वकील व न्यायाधीश झाले पाहिजेत असे मी मुलांना नेहमी सांगतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आवाज हाही उपद्रव आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते, तेथे दिवसा ५० व रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. सणासमारंभांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधील एका चर्चच्या प्रकरणात सांगितले की, दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. हे आपण इतरांच्या भोंग्यांबाबत आवडीने उद्धृत करतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीलाही ते तितकेच लागू आहे. मिरवणूक जरूर निघावी, निळे झेंडे फडकावेत, लेझीम खेळावे. परंतु ज्या महापुरुषाने दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास केला त्याच्या जयंतीला आपल्याच वस्तीतल्या दहावी-बारावीच्या, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कानात कापूस घालून बसावे लागावे, हे मला पटत नाही. काही तरुण माझ्यावर रागावतील. रागावोत.

अखेरीस प्रत्यक्ष अर्जाबद्दल. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे करावा. त्यात भावनेची भाषा कमी आणि तपशील जास्त असावा : जागा कोणती, कोणत्या रस्त्यालगत, घरे किती, उपद्रव केव्हापासून, कोणाचे कर्तव्य होते, त्यांना कोणत्या तारखेला कळविले, उत्तर काय आले. छायाचित्रे तारखेसह जोडावीत. तापाची वा जुलाबाची लागण झाली असेल तर सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या प्रती सर्वांत बोलक्या ठरतात. एकट्याने सही करू नये. उपद्रव सार्वजनिक आहे हे सह्यांवरूनच दिसावे, आणि शक्य तर दुसऱ्या समाजाच्या शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात, कारण डास जात पाहून चावत नाही. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. काउंटरच्या आतल्या बाजूला वीस-बावीस वर्षे बसलेला माणूस म्हणून सांगतो, शिक्का आणि तारीख असलेल्या कागदाला जी किंमत असते ती तोंडी बोलण्याला कधीच नसते.

समोरच्याने 'ही जागा सार्वजनिक नाहीच' असा पवित्रा घेतला तर दंडाधिकाऱ्यांना प्रथम त्याची चौकशी करावी लागते (जुने कलम १३७, नवे १५६). त्याच्या म्हणण्याला विश्वासार्ह पुरावा दिसला तर दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत प्रकरण थांबते. चवदार तळ्याच्या वेळी तळे खाजगी म्हणण्यामागे जी युक्ती होती तीच ही. म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा, गाव नकाशा, नगरपालिकेने त्या जागेवर पूर्वी केलेल्या खर्चाच्या नोंदी आधीच काढून ठेवाव्यात. तसा प्रश्न निघाला नाही तर दोन्ही बाजूंचा पुरावा घेऊन दंडाधिकारी निर्णय देतात, आणि नव्या संहितेच्या कलम १५७ ने त्यासाठी ९० दिवसांची मुदत घातली आहे. कारणे लेखी नोंदवून ती १२० दिवसांपर्यंत वाढविता येते. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. दरम्यान धोका तातडीचा असेल तर चौकशी संपण्यापूर्वीच मनाई हुकूम मागता येतो (नवे कलम १६१).

आदेश कायम होऊनही काम झाले नाही तर दंडाधिकारी ते स्वतः करवून घेऊन खर्च संबंधितांकडून वसूल करू शकतात (नवे कलम १६०). शिवाय आदेशभंगाबद्दल न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, आरोग्याला धोका पोहोचत असल्यास, एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रांत कार्यालयात दाद लागलीच नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ आहे. पूर्वी त्यासाठी महाधिवक्त्यांची संमती लागे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाच्या परवानगीने कोणत्याही दोन व्यक्तींना, स्वतःचे खास नुकसान झालेले नसले तरीही, सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावता येतो. आपल्या संस्थेच्या सभासदांची यादी याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आहे. त्यातून दोन नावे निघण्यास हरकत नसावी.